सांगलीतून ट्रोम्सोला निघालोय, तिथं सूर्यच नसतो म्हणे

प्रश्न : ताई, आम्ही दोघं विश्रामबागला राहतो, लग्नाला दीड वर्ष झालं. ह्यांना नॉर्वेत ट्रोम्सोच्या युनिव्हर्सिटीत तीन वर्षांचं काम मिळालंय, ऑक्टोबरात निघायचंय. घरात सगळे खूश होते पण सासूबाईंनी कुठंतरी व्हिडिओ बघितला की तिथं दोन महिने सूर्य उगवतच नाही, तेव्हापासून रोज सकाळी चहाला तोच विषय. मला तिथं अजून नोकरी नाही, म्हणजे हे कामावर गेले की मी एकटी, अंधारात. फिरायची आम्हाला भारी हौस, रविवार आला की दंडोबा नाहीतर सागरेश्वर ठरलेलं. तिथं जवळपास बघण्यासारखं काय आहे की उन्हाळा येईपर्यंत घरातच बसायचं? आणि थंडीचे कपडे इथूनच घ्यावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचून मला माझाच ऑक्टोबर आठवला. मी साताऱ्याची, गोडोलीची, ट्रोम्सोत चार वर्षं काढलीत, तेव्हा हे ऐकीव नाही.

आधी सासूबाईंचं बघू. व्हिडिओ खोटा नाही. गाव आर्क्टिक सर्कलच्याही (ज्या रेषेच्या वर हिवाळ्यात सूर्य उगवत नाही ती) साडेतीनशे किलोमीटर वर आहे, साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य क्षितिजावर येतच नाही. पण म्हणून चोवीस तास काळोख असतो असं नाही गं. कृष्णेच्या घाटावर सूर्य उगवायच्या आधी जो निळसर उजेड असतो ना, तसा सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत असतो, आभाळ मोकळं असलं तर दक्षिणेकडं गुलाबी पण होतं आणि खाली बर्फ असला की सगळं उजळून निघतं. खरा वाईट असतो तो नोव्हेंबर, बर्फ टिकत नाही, वर पाऊस, रस्ते काळेकुट्ट. तेव्हा मी स्वतःला एकच नियम घातला होता, अकरा ते एक घराबाहेर, भांडी पडली तर पडू देत. पहिल्या वर्षी हा नियम नव्हता तर डिसेंबरात मी दुपारी तीनला झोपून रात्री नऊला उठत होते आणि ह्यांच्यावर चिडत होते.

व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांना विचारूनच जा. तिथले लोक ज्या महिन्याच्या नावात र येतो त्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, कॉड माशाच्या लिव्हरचं तेल चमच्यानं घेतात. वास असा की मी दोनदाच घेतलं, मग गोळ्या.

थंडीचं म्हणशील तर कोमट समुद्री प्रवाहामुळं जानेवारीचं सरासरी तापमान वजा चारच्या आसपास असतं. सासूबाईंना सांग, आपल्याच देशातल्या, लडाखच्या द्रासपुढं ट्रोम्सो म्हणजे महाबळेश्वर. बर्फ मात्र पडला की पडला, एप्रिल 1997 मध्ये 240 सेंटिमीटर थर मोजलाय. पण बर्फापेक्षा वाईट म्हणजे तो वितळून रात्री परत गोठतो ते, काचच होते त्याची. पहिल्याच आठवड्यात घरासमोरच्या उतारावर दुधाचा खोका हातात घेऊन मी अशी आपटले की चार दिवस उशी घेऊन बसत होते. बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबर मिळतात, त्यांना ब्रोडर म्हणतात, घरभाड्यानंतरचा पहिला खर्च तो करा.

जाड जॅकेट इथून नका नेऊ, उगीच बॅग भरते, तिथंच तिथल्या वाऱ्याचं घ्या. आत लोकरीचं घालायचं, सुती नाही. का, ते आटपाडीच्या मेंढपाळाला विचार, घोंगडं भिजलं तरी ऊब देतं आणि सुती कपडा भिजला की अंगाला चिकटून गार करतो.

आता फिरायचं, तुला खरं तेच हवंय! गाव बेटावर आहे. 1960 सालचा एक किलोमीटरहून लांब पूल चालत ओलांडायचा (वारा पूल सुरू होतानाच थोबाडीत मारतो) की समोर 1965 चं पांढरं तिकोनी चर्च, आर्क्टिक कॅथेड्रल, आणि थोडं पुढं रोपवे, 421 मीटरवर नेतो. वरून अख्खं गाव, पूल, फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी, असं दिसतं की मला अजिंक्यताऱ्यावरून सातारा बघितल्यासारखं वाटायचं, फक्त मधे समुद्र. उन्हाळ्यात रोपवेचे पैसे वाचवा, नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या 1203 दगडी पायऱ्या आहेत. सज्जनगड चढणाऱ्याला ओळखीचं वाटेल, गुडघे तेवढेच बोलतात. बंदरावर आमुंडसेनचा पुतळा आहे, दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला माणूस. 1928 मध्ये दुसऱ्याच कुणाच्या तरी मोहिमेतल्या हरवलेल्या लोकांना शोधायला इथूनच विमानानं गेला आणि परत आला नाही.

ऑरोरासाठी, म्हणजे रात्री आभाळात नाचणाऱ्या हिरव्या उजेडासाठी, पहिल्याच आठवड्यात महागडी टूर घेऊ नका. बेटाच्या माथ्यावर प्रेस्टवान्ने तळं आहे, आभाळ मोकळं असलं की रात्री थर्मास घेऊन तिथं जा. सुरुवातीला पांढुरका ढग वाटतो, मोबाईलच्या फोटोत हिरवा येतो, मग अचानक तो ढग हलायला लागतो. आम्ही दोघं भडंग खात बघत होतो, ह्यांच्या हातातला डबा कधी पडला कळलं नाही. फिरायला क्वालोया बेटावरचं एर्सफ्योर्ड जवळ पडतं. सोम्मारोय जरा लांब, तिथली पांढरी वाळू बघून तारकर्ली आठवते, पाणी मात्र नुसतं बघायचं.

आणि एक, संक्रांतीला तीळ-गूळ ने. आपली संक्रांत 14 ला, सूर्य तेव्हाही दिसत नाही. गावाला डोंगर आडवे येतात म्हणून तो दिसतो 21 जानेवारीच्या सुमारास, जेमतेम काही मिनिटं, आणि त्या दिवशी लोक सूलबोलर म्हणजे सूर्याचे गोड बन खातात. आम्ही लाडू डब्यात ठेवून 21 लाच वाटले. शेजारच्या आजी बन घेऊन आल्या, मी लाडू दिला, त्यांना "गोड बोला" चा अर्थ सांगता सांगता माझी वाट लागली. पण त्या दिवसापासून ओळख झाली, भाषेच्या क्लासचा पत्ता पण त्यांनीच दिला. तो क्लास लगेच लाव, ह्यांच्या सुट्टीची वाट बघत बसू नको.

प्रश्न : आमची मुलगी तिकडंच आहे. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, कधी जावं? नॉर्थ केप जमेल का?
– वाचक, कराड

उत्तर : ऑरोरा बघायचा तर मार्च, दिवस मोठा झालेला असतो आणि रात्रही शिल्लक असते. गुडघ्यांचा विचार केला तर जून. नॉर्थ केप म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचा समुद्रावरचा कडा, ट्रोम्सोहून रस्त्यानं पाचशेवर किलोमीटर आहे, वाटेत आल्टा गावाला थांबा, तिथली खडकावरची हजारो वर्षांपूर्वीची चित्रं युनेस्कोच्या यादीत आहेत. शेवटी समुद्राखाली 212 मीटर जाणारा बोगदा आणि मग 307 मीटरचा कडा. धुकं असलं तर फक्त धुकं दिसतं, आम्हाला तेच दिसलं. जूनला सूर्य मावळत नाही, म्हणून झोपायच्या खोलीला जाड काळे पडदे आहेत का ते मुलीला आधीच विचारा. माझे सासरे पहिल्या रात्री अडीच वाजता दात घासून, अंघोळ करून चहाची वाट बघत बसले होते.