मासेमारी बंदीनंतर बोटीचं डिझेल इंजिन लागत नाही? नोझल खोलण्याआधी हे तपासा

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आणि पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा) इतक्यात खोलून दुकानात नेऊ नका. बोट १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत शाकारलेली (झाकून ठेवलेली) होती. आता सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) जोरात फिरतो पण इंजिन लागत नाही, आणि एकदा लागलं तेव्हा दोन मिनिटांत बंद पडलं, असं तुम्ही लिहिलंय. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे. एकदा लागलं म्हणजे कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलेलं नसणार. दोष बहुतेक टाकी ते पंप या वाटेवरच सापडेल.

सेल्फ मारताना कुणाला तरी धुराच्या पाइपाकडे बघायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पेटत नाही. धूरच नसेल तर ते पोचतच नाही. मग पहिल्यांदा स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची केबल बघा. खाऱ्या हवेत ती गंजून मध्येच अडकते. केबिनमधला दांडा जागेवर दिसतो, पण पंपावरचा लिव्हर स्टॉपकडेच राहिलेला असतो. तो हाताने हलवून खात्री करा.

नंतर फिल्टरच्या तळाचं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा. टाकी अर्धी रिकामी राहिली असेल तर आत दव धरतं आणि ते पाणी तळाला बसतं. काळपट, बुळबुळीत साका आला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीच साफ करावी लागेल.

आता एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार लागल्यावरही थोडं वाहू द्या आणि पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. मग हेच पंपाच्या एअर स्क्रूला. तांब्याचे वॉशर चेपलेले असतील तर नवे घाला, नाहीतर तिथूनच पुन्हा एअर धरेल.

लागून बंद पडण्याचं खरं कारण मात्र बऱ्याचदा टाकी आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) मधल्या पाइपात असतं. तिथे डिझेल ओढलं जातं, त्यामुळे चीर असली तरी बाहेर थेंबही दिसत नाही, आत हवा मात्र जाते. टाकीची लाइन सोडवा, स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर ठेवा आणि नव्या नळीने थेट फीड पंपाला जोडा. एअर काढून त्यावर इंजिन नीट चाललं, तर दोष टाकीकडच्या बाजूला हे नक्की. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीत हवा जाण्याची नळी तुंबली आहे.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. तुमच्या बोटीत थंड करणारं समुद्राचं पाणी सायलेन्सरमधून बाहेर पडत असेल, तर इंजिन लागत नसताना सेल्फ मारत राहू नका. पाणी खेचलं जातं, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. म्हणून समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि इंजिन लागलं की त्याच क्षणी कॉक उघडा. उशीर झाला तर इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) कोरडा फिरून जळतो, म्हणून कॉकपाशी माणूस उभा करा. सेल्फ फिरता फिरता खाडकन अडला तर बटण पुन्हा दाबायचं नाही. मग मात्र नोझल काढा आणि इंजिन हाताने हळू फिरवून आतलं पाणी बाहेर घालवा. ऑइलची कांडीही बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.