सुनेने निवडलेली लक्ष्मी

पत्र : आमच्या ठाण्यातील जुन्या इमारतीचा पुनर्विकास पूर्ण झाला असून पुढच्या महिन्यात आम्ही नव्या घरी राहायला जाणार आहोत. जुन्या घरात सासूबाईंच्या वेळेपासूनच्या १७ तसबिरी होत्या. सून म्हणते, भिंत एकच मोकळी आहे, तेव्हा बाकीच्या तसबिरी स्कॅन करून डिजिटल फ्रेममध्ये टाकू. ठेवायला तिने निवडली ती सासूबाईंनी जर आणि टिकल्या लावलेली लक्ष्मी, म्हणजे शेवटी कॅलेंडरवरचेच चित्र, आणि त्याचीही चौकट तिला बदलायची आहे. मामंजींचा मोठा फोटो मात्र तिला विचित्र वाटतो, कारण त्यांच्या खांद्यावर कोणाची तरी बोटे दिसतात. (ती त्यांच्या थोरल्या भावाची आहेत, लग्नातल्या ग्रुप फोटोवरून तो मोठा करून घेतला होता.) नाशिकचे धाकटे दीर तोच फोटो मागत आहेत. मी हट्ट धरावा, की गप्प बसावे?
— एक वाचक, ठाणे

प्रिय ताई,

आपल्या पत्रात तसबिरी १७ आहेत, पण वर्णन दोनच तसबिरींचे आहे. उरलेल्या पंधरांपैकी एकीवरही आपल्याला एक ओळ खर्च करावीशी वाटली नाही, यावरून निवड करण्याचे अवघड काम आपल्या हातून आधीच झालेले आहे, असे मला वाटते. म्हणून मीही या दोन तसबिरींविषयीच सविस्तर लिहिते.

लक्ष्मीच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूने आहे, आणि ते स्पष्टच सांगते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला, आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडच्या अगदी साध्या घरांतही जाऊन पोहोचल्या. इतर छापखान्यांनीही तशीच चित्रे भरपूर छापली, त्यामुळे आपल्या घरातले चित्र नेमके कुठले हे चौकट उघडून खालच्या समासात छापखान्याचे नाव सापडले तरच कळेल. सापडले नाही तरी मन खट्टू करून घेऊ नका, आणि सापडले तर लगेच लाखांचे हिशेब मांडू नका. अशी चित्रे घरी आणून बायका देवीचा चेहरा, हात आणि पावले तेवढी मोकळी ठेवत, आणि लुगड्यावर खरे कापड, काठावर जर, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या बसवत. चित्र हजारो घरांत एकसारखेच असायचे, पण लुगड्याचा रंग आणि निऱ्यांची ठेवण ज्या त्या घरच्या बाईची असायची. सासूबाईंनी काठासाठी कोणता रंग निवडला, नथीला मोत्यांऐवजी काय लावले, हे आपण कधी जवळून पाहिले आहे का? चित्र छापखान्याचे असले तरी ही निवड सासूबाईंची आहे, आणि त्यांच्या हाताचे दुसरे काही घरात उरले असल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. रोज समोर असलेल्या तसबिरीकडे आपले लक्ष गेले नाही यात नवल नाही. सून नव्या नजरेने आली, म्हणून तिला ते दिसले.

चौकट बदलण्यालाही माझी हरकत नाही. उलट जुन्या पद्धतीने बसवलेल्या अशा तसबिरीत काच थेट जरीवर टेकलेली असते, त्यामुळे टिकल्या चेपतात आणि पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून राहते. त्यातच कापड खळीने चिकटवलेले असेल तर कसर लागायला वेळ लागत नाही. फ्रेमवाल्याला सांगून पेटीसारखी खोल चौकट करून घ्या, म्हणजे काच आणि काम यांत अंतर राहील. मागचा जुना पुठ्ठा काढून टाका आणि आम्लरहित माउंटचा, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याच्या किनारीचा, आग्रह धरा. साध्या माउंटच्या कापलेल्या कडेलगत काही वर्षांनी जी तपकिरी रेघ उमटते, ती पुसता येत नाही. जुनी पट्टी सागवानी असेल तर ती मात्र भंगारात देऊ नका, कारण तीच पट्टी कापून आणि पॉलिश करून वेगळ्या मापाला वापरता येते. दुकानात सुनेला बरोबर घेऊन जा आणि पट्टीचे नमुने तिलाच निवडू द्या.

आता मामंजींचा फोटो. पूर्वी माणूस गेल्यावर त्याचा एकट्याचा फोटो घरात नाही असे वारंवार व्हायचे, मग कुठल्या तरी लग्नातल्या किंवा कार्यालयातल्या ग्रुप फोटोतून चेहरा मोठा करून घेतला जायचा, आणि स्टुडिओतला कलाकार ब्रशने आजूबाजूची माणसे पुसून, गरज पडली तर कोटही रंगवून द्यायचा. आपल्या फोटोत त्या कलाकाराकडून थोरल्या भावाची बोटे पुसायची राहून गेली. आपल्याला ती बोटे कोणाची हे ठाऊक असल्यामुळे त्यांत भावाची माया दिसते, आणि सुनेला कोणी सांगितलेच नसल्यामुळे तिला तो नुसता विचित्र फोटो वाटतो. हे तिच्याशी बोलल्याचे आपल्या पत्रात कुठेच नाही. मला जे कंसात लिहून कळवले, ते घरात तिला सांगायला हवे होते. ज्या सासऱ्यांच्या वडिलांना तिने बहुधा पाहिलेही नाही, त्यांच्यापुढे नुसत्या चंदनाच्या हारामुळे तिने आदराने उभे राहावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

हा फोटो दिरांना द्यावा, असे माझे मत आहे. त्यांचे ते वडील आहेत, ते मागत आहेत, आणि मागणारा माणूस तसबीर सांभाळतो. देण्यापूर्वी दोन गोष्टी करा. चौकट उघडून पाठीमागे स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा कोणाचे अक्षर आहे का ते पाहा आणि त्याचाही फोटो काढून ठेवा. फोटो काचेला चिकटलेला असेल तर तो ओढून काढू नका, कारण वरचा पातळ थर काचेवरच राहतो आणि चेहरा कायमचा जातो. तसाच काचेसकट स्कॅन करून घ्या. त्या स्कॅनवरून आपल्या घरासाठी लहान प्रत काढा आणि तिच्या मागे पेन्सिलीने दोन्ही भावांची नावे लिहा. स्टुडिओवाला बोटे पुसून देऊ म्हणेल, त्याला नको म्हणा.

डिजिटल फ्रेमची कल्पना उरलेल्या पंधरांसाठी वाईट नाही, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर पडून उडत चाललेले असतील तर. फक्त नाव नसलेला चेहरा पडद्यावर सरकत राहिला तर तो लवकरच परका होतो, तेव्हा स्कॅन करतानाच फाइलला नाव द्या, आणि ते काम आपणच करा, कारण नावे आपल्यालाच ठाऊक आहेत. देवांच्या जीर्ण तसबिरी असतील तर काच आणि खिळ्यांसकट खाडीत सोडू नका. काच वेगळी काढून चित्र निर्माल्य कलशात द्या.

राहता राहिली ती एक भिंत. नव्या बांधकामातला ओलावा जायला काही काळ लागतो, आणि बाहेरच्या बाजूची भिंत पहिल्या पावसात कशी वागते हे सांगता येत नाही, म्हणून लक्ष्मी आतल्या भिंतीवर लावा, थेट ऊन येणार नाही अशी, आणि चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. काच पुसताना स्प्रे काचेवर न मारता फडक्यावर मारा. दिरांना फोन आजच करा. सामान बांधायला सुरुवात होण्याआधी त्यांनी स्वतः येऊन फोटो घेऊन जावा, आणि ते येतील त्या दिवशी सून घरी असेल असे पाहा. ग्रुप फोटोतली बाकीची माणसे कोण होती, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक आठवत असण्याची शक्यता आहे.