अनोळखी आजींच्या घरी लेक राहणार म्हणते

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे आईवडील अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारतात. वसतिगृहात जागा नाही, भाडी परवडत नाहीत, म्हणून मूल तिथल्या एखाद्या एकट्या वृद्ध व्यक्तीच्या घरी खोली घेणार आहे. राहू द्यावं का? हा प्रश्न घेऊन आलेल्या एका आईची गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"मॅडम, पॅरिसला पाठवायला आम्ही तयार झालो, पण हे काय नवीनच? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई आहेत. ही त्यांचं करणार की अभ्यास करणार?"

लेकीनं आईला धीर द्यायला एक फ्रेंच चित्रपट दाखवला होता, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. चित्रपट २०१५ चा, 'द स्टुडंट अँड मिस्टर हेन्री'. इवान काल्बेराक यांनी स्वतःच्याच नाटकावरून केलेला. पॅरिसमध्ये एकटा राहणारा तिरसट म्हातारा हेन्री (क्लोद ब्रासर यांनी तो झकास उभा केलाय) मुलाच्या आग्रहामुळे नाइलाजानं एक खोली कॉन्स्टन्स नावाच्या विद्यार्थिनीला देतो. हेन्रीला सून मुळीच आवडत नाही. मग तो या मुलीपुढे प्रस्ताव ठेवतो: माझ्या मुलाला तुझ्या प्रेमात पाड, मी काही महिने भाडं घेणार नाही. मुलीकडे पैसे नसतात. ती हो म्हणते.

लेक हसत होती आणि आईच्या पोटात गोळा आला. मी त्यांना सांगितलं, की तुमची भीती अगदी रास्त आहे. चित्रपटातली मैत्री मला लोभस वाटते, पण तिची सुरुवात एका वाईट सौद्यातून होते. एकाच्या हातात घर आहे आणि दुसरीला डोक्यावर छप्पर हवंय. अशा वेळी 'नाही' म्हणणं अवघडच असतं. पण म्हणूनच प्रत्यक्षातली व्यवस्था काय आहे, ते आम्ही नीट पाहिलं.

ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली. त्यांत वृद्धांची संख्या फार मोठी होती, आणि कित्येक जण घरात एकटे होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये एकटे वृद्ध आणि विद्यार्थी यांची गाठ घालून देणारी संस्था सुरू झाली. मग आणखीही झाल्या. २०१८ च्या गृहनिर्माण कायद्यानं अशा राहण्यासाठी वेगळा करारच आणला. घर देणारी व्यक्ती ६० वर्षांची किंवा त्याहून मोठी, राहणारी ३० च्या आतली, मोबदला माफक. छोटीमोठी मदत ठरवता येते, पण ती नोकरी नव्हे. कुणी कुणाचं हाताखालचं माणूस होत नाही. कुणालाही एक महिन्याची सूचना देऊन करार संपवता येतो.

वडिलांचं एवढ्यानं समाधान झालं. आईंचं झालं नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटलं. माहिती मिळूनही काळजी तसूभर कमी होत नसेल, तर तिचं मूळ बहुधा दुसरीकडे असतं. मी त्यांना विचारलं, "ताई, तिकडे संध्याकाळ झालीय. लेक काय करत असेल? जसं दिसतंय तसं सांगा."

त्या सांगत गेल्या. आजींच्या गोळ्या, कोमट दूध, चादर बदलणं, रात्री हाक आली की उठणं. सांगता सांगता थांबल्या आणि रडू लागल्या. लग्न होऊन आल्यावर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचं बी.एड. तिथेच सुटलं. ते कुणी कधी विचारलंही नव्हतं.

पुढच्या काही भेटींत आम्ही पॅरिसबद्दल फारसं बोललोच नाही. बी.एड.बद्दल बोललो. कुणाचं मनापासून करूनही मनात राग उरू शकतो, त्यानं केलेलं खोटं ठरत नाही. हे त्यांना कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं होतं.

त्यानंतर लेकीच्या मध्यस्थीनं त्या फ्रेंच आजींशी व्हिडिओ कॉल ठरला. मी सुचवलं होतं, की "काय काय करावं लागेल" हे विचाराच, पण "तुम्हाला काय नकोय" हेही विचारा. आजींनी लगेच उत्तर दिलं. रोज सकाळी तब्येत विचारलेली नको, रात्री उशिरा स्वयंपाकघरात खुडबुड नको, आणि औषधांना हात लावायचा नाही, त्यासाठी परिचारिका येते. आईंना हसू आलं. ज्याची धास्ती होती, ते आजींनाही नकोच होतं! मग सगळं लिहून झालं: आठवड्यातले किती दिवस रात्रीचं जेवण एकत्र, कुठल्या रात्री घरी असायचं, सुट्टीत भारतात येण्याचं काय.

मैत्री झाली, पण सावकाश. फोडणीच्या वासावरून कुरबुर झाली, दिवे चालू राहण्यावरूनही. मग आजी तिचे निबंध तपासू लागल्या, आणि तिनं त्यांना पोहे खायला लावले.

हिवाळ्यात आजी न्हाणीघरात पडल्या. मुलीनं १५ या तातडीच्या क्रमांकावर फोन केला, आजींच्या मुलाला कळवलं, तो पोचेपर्यंत रुग्णालयात बसली आणि सकाळी परीक्षेला गेली. आईंचा मला फोन आला. "म्हातारं माणूस असं पडलेलं असताना ही पेपरला गेली. शोभतं का हे?"

मी म्हटलं, "तुमच्या वेळी कुणी म्हणालं असतं, की तू परीक्षेला जा, मी आहे, तर?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आजींनीही शुद्धीवर आल्या आल्या पेपर किती वाजता आहे, हेच विचारलं होतं.

दुसऱ्या वर्षी करार पुन्हा झाला, दोन बदल करून. न्हाणीघरात आधाराचे दांडे बसले, त्याचा खर्च आजींच्या मुलानं केला. आणि गुरुवारची संध्याकाळ मुलीला पूर्ण मोकळी, कारण ती गाण्याच्या वर्गाला जाऊ लागली आहे. हा दुसरा बदल आजींनी सुचवला.