इपॉक्सी की व्हार्निश? आधी तो काळा डाग बघा

होडीच्या कडेच्या पट्ट्या, हाताचा कठडा आणि सुकाणू, तिन्हींवर तुम्ही गेल्या वर्षी पारदर्शक इपॉक्सीचे (राळ आणि हार्डनर मिसळून कडक होणाऱ्या लेपाचे) तीन हात दिले. आता ते पिवळं पडलंय आणि जागोजागी पापुद्रे सुटलेत. पुन्हा इपॉक्सी द्यायचं की सरळ व्हार्निशवर यायचं, आणि काम एका दिवसात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता हेही सांगितलंय, की सुकाणूच्या बोल्टाभोवती थोडा काळेपणा आलाय. मी असतो तर ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

बोल्ट काढा आणि भोकाच्या आतल्या कडेला दाभण टोचून बघा. लाकूड कडक लागलं तर तो नुसता डाग आहे: लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की असं काळं पडतं. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने तो बराच जातो. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि त्याची पूड हवेत उडू देऊ नका. दाभण लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर कूज धरली आहे.

माझ्या पहिल्या होडीचं सुकाणू असंच गेलं. वरून काचेसारखं चकचकीत, कुठे ओरखडाही नाही. मी इपॉक्सी आधी दिलं होतं आणि भोकं नंतर पाडली होती, म्हणजे प्रत्येक भोकाच्या आत उघडं लाकूड. पाणी तिथून शिरायचं, आणि बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला रान मोकळं. उघडं लाकूड निदान वाळलं तरी असतं.

त्यामुळे भोकं आता अशी करा: बोल्टापेक्षा बरंच मोठं भोक पाडा, आतून पातळ इपॉक्सी लावा, मग घट्ट केलेल्या इपॉक्सीने ते पूर्ण भरा आणि कडक झाल्यावर मधोमध बोल्टाच्या मापाचं भोक पाडा. बोल्टाभोवती सगळीकडे इपॉक्सीची नळी तयार होते. कंटाळवाणं काम आहे, पण हातांच्या संख्येपेक्षा यानेच जास्त फरक पडतो. फळी आडवी कापल्यावर जे तोंड दिसतं त्याचंही तेच. सपाट अंगापेक्षा तिथून लाकूड कितीतरी पट वेगाने पाणी पितं. प्लायच्या कडाही अशाच तहानलेल्या. तिथे जितकं मुरेल तितकं मुरवा.

आता मूळ प्रश्न. इपॉक्सी पाणी अडवतं, पण ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, मग खडूसारखं भुरभुरीत होतं आणि शेवटी लाकडापासून सुटतं. चांगल्या मरीन व्हार्निशमध्ये अतिनील किरण शोषणारे घटक असतात आणि ते लवचिक असतं, मात्र ओलाव्याची वाफ त्यातून हळूहळू जात राहते. म्हणजे तुमचं इपॉक्सी वाईट नव्हतं, त्याच्यावर छत्री नव्हती.

मग सगळीकडे दोन्ही द्यायचं का? मी देणार नाही. सुकाणू प्लायचं किंवा पट्ट्या चिकटवून केलेलं असेल, तर इपॉक्सीचे दोन-तीन हात आणि वर व्हार्निशचे चार-पाच. कठड्याला सतत हात लागतो, दोर घासतो, ठोकर बसते. तिथे मी नुसतं व्हार्निश देतो, कारण चट्टा पडला तर तेवढाच घासून दुरुस्त होतो. इपॉक्सीखाली पाणी शिरलं की सगळंच खरवडावं लागतं. कडेच्या पट्ट्यांनाही माझ्या मते तेच बरं. आणि होडी फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून बांधलेली असेल, तर अंगाला इपॉक्सी फासायच्या भानगडीत पडू नका. त्या फळ्या फुगतात, आक्रसतात; त्यांना तसं करू द्यावंच लागतं.

जुनं इपॉक्सी हीट गनने मऊ करून खरवडणीने काढा. लाकूड करपवू नका. उरलेलं घासताना मास्क हवाच. मग लाकूड पूर्ण वाळू द्या. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर 12 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबा. धारदार कडा गोल करा, कारण धारेवर कुठलाच थर टिकत नाही. साग असेल तर त्यातल्या तेलामुळे, काम सुरू करायच्या जरा आधी ॲसिटोनने पुसा.

इपॉक्सी ऊन उतरताना द्या. सकाळी लाकूड तापत असताना दिलं तर आतली हवा फुगते आणि बुडबुडे वर येतात. थंड होत जाणारं लाकूड उलट ओढून घेतं. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर कडक होत नाही, माप डब्यावर दिलंय तेच. कडक झाल्यावर वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा, मगच सँडपेपर लावा. आधी घासलात तर तोच थर सगळीकडे पसरेल आणि व्हार्निश धरणार नाही. इपॉक्सी पुरतं पक्कं व्हायला आठवडाभर द्या, नाहीतर काही व्हार्निश वर चिकटच राहतात. आधी एका कोपऱ्यात लावून बघा.

व्हार्निशला वेळ उलटी: दव सुकल्यावर सुरू करा, संध्याकाळच्या दवाच्या बरंच आधी थांबा आणि कडक उन्हात नकोच. डबा हलवू नका, बुडबुडे होतात. काडीने सावकाश ढवळा आणि गाळून घ्या. उघड्या लाकडावर पहिला हात साधारण निम्मं थिनर घालून, दुसरा पाव, पुढचे जवळपास सरळ. एकूण सहा ते आठ. दोन हातांच्या मध्ये 220 आणि शेवटच्या हाताआधी 320 नंबरचा सँडपेपर.

एका दिवसात? इपॉक्सीचे हात होतील, आधीचा थर बोटाला चिकट लागत असतानाच पुढचा द्यायचा, मध्ये घासावंही लागत नाही. व्हार्निशचा दिवसाला एकच. आणि तेलाचं व्हार्निश पुसलेली फडकी गोळा करून होडीत टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.