हात स्वच्छ आहेत हे कळतं, पण पटत नाही

प्रश्न : माझा धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला आहे. दिवसभर हात धुतो, बोटांची कातडी सोलून निघालीय. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळं बॅरल रिकामा झाला की घरात भांडणं. अण्णा म्हणतात नाटकं आहेत सगळी. डॉक्टरांनी ओसीडी (मंत्रचळ, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्याच कृती) सांगितलंय. हा खरंच मेंदूचा आजार आहे का, एमआरआयमध्ये दिसेल का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, नाटक अजिबात नाही, हे आधी अण्णांना सांगा. बहुतेक पेशंटना हात स्वच्छ आहेत हे कळत असतं, पण आतून पटत नाही, आणि त्रास तिथंच आहे. डोळ्यांच्या वर मेंदूचा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग असतो, काही चुकतंय असं वाटलं की तो इशारा देतो, तो इशारा मेंदूच्या आतल्या कॉडेट नावाच्या भागाकडं जातो, तिथून थॅलॅमस या दुसऱ्या आतल्या भागाकडं आणि परत पुढं. एरवी हात धुतले की हे चक्र शांत होतं, ओसीडीत फिरतच राहतं. १९८७ मध्ये अमेरिकेत लुईस बॅक्स्टर यांच्या टीमनं पेट स्कॅनवर (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) दाखवलं की अशा पेशंटच्या मेंदूत ऑर्बिटल भाग आणि कॉडेट जास्त ग्लुकोज वापरतात. मला मोठं वाटतं ते त्यांचं १९९२ चं काम. काहींना फ्लुओक्सेटिनची गोळी दिली, काहींना नुसती बिहेवियर थेरपी (सरावानं वागणं बदलण्याचा उपचार), आणि ज्यांना गुण आला त्यांच्या उजव्या कॉडेटचं काम दोन्ही गटांत कमी झालेलं दिसलं! म्हणजे थेरपी ही नुसती समजूत घालणं नाही, ती मेंदूपर्यंत पोचते.

एमआरआयवर मात्र पैसे घालू नका, डॉक्टरांनी वेगळ्या शंकेसाठी सांगितला तर गोष्ट वेगळी. हे फरक बऱ्याच पेशंटची तुलना केल्यावर दिसतात, एकट्याच्या रिपोर्टवरून ओसीडी ठरत नाही.

गोळ्यांना ८ ते १२ आठवडे लागतात, डोसही डिप्रेशनपेक्षा बऱ्याचदा जास्त असतो, त्यामुळं पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून परस्पर बंद करू नका. सोबत ईआरपी नावाची बिहेवियर थेरपी विचारा, त्यात दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही, भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, पण हे थेरपिस्टसोबत हळूहळू, घरी जबरदस्तीनं नळ बंद करून नाही. तो दर वेळी "आक्का, स्वच्छ आहेत ना?" विचारत असेल आणि तुम्ही मायेनं हो म्हणत असाल, तर तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करत आणायचं, कारण त्या "हो"नं तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि चक्र परत सुरू. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. पुढच्या व्हिजिटला अण्णांनाही सोबत न्या.