पोरगी इंजिनिअर झाली, मग परत साइटवर कशाला?

पत्र थोडक्यात: मी लातूर जिल्ह्यात वायरमन म्हणून कामं घेतो. मुलगी यंदा इलेक्ट्रिकलमधून बीई झाली. पुण्यात एका डिझाइन कन्सल्टंटकडे ऑफिसची नोकरी मिळतेय. दुसरी नाशिकला, रुग्णालयाच्या नव्या इमारतीवर इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे साइट इंजिनिअरची, पगार थोडा कमी. तिसरा पर्याय म्हणजे कर्ज काढून प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स. तिला प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय आणि ती साइटच धरून बसलीय. मी जन्मभर वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारल्या, आता तिनंही धूळच खायची का? – एक पालक

नमस्कार,

कोर्सचा विषय आधी मिटवतो. कर्ज काढून आत्ता नको. तिथं शिकवतात ते शेड्यूल, बजेट, करार हे सगळं पुढे लागतंच. पण ज्यानं एकही पॅनल (विजेचं मोठं कपाट) साइटवर उतरवून घेतलेलं नाही, त्याला बार चार्टवरची, म्हणजे वेळापत्रकाच्या तक्त्यावरची, रेघ नुसती रेघच दिसते. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेलाही चार वर्षांच्या पदवीनंतर प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव मागतात. निकमारसारख्या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेत जायचंच असेल तर दोन-तीन वर्षांनी जाऊ दे. तोवर एमएस प्रोजेक्ट आणि प्राइमाव्हेरा ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर घरी बसूनही शिकता येतं.

राहिलं पुणे की नाशिक. माझा कौल नाशिकला, पण एका अटीवर: काम सुरू होताना ती तिथं असावी आणि इमारत ताब्यात देतानाही तिथंच असावी. ठेकेदाराकडे नवी पोरं कशी वापरली जातात हे तुम्ही पाहिलं असेल. स्लॅबमध्ये पाईप टाकण्यात एखादा तयार झाला की त्याला एका साइटवरून दुसरीवर तेवढ्यासाठीच फिरवतात. चार वर्षांनी बायोडेटावर पाच साइट्स असतात, आणि टेस्टिंगला काय काय लागतं ते विचारलं की गडी गप्प.

धुळीबद्दल म्हणाल तर धूळ आहेच, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही पोचता तेव्हा पॉइंट कुठं, डीबी (सर्किट वाटून देणारी पेटी) कुठं हे बहुतेक ठरलेलं असतं. तिचं काम त्याच्या किती तरी आधी सुरू होईल. कुठं किती वीज लागेल त्याची लोड लिस्ट, पुरवठ्याचा एकरेषी नकाशा म्हणजे सिंगल लाइन डायग्राम, त्यावरून महावितरणकडे वीजभाराचा अर्ज, मग ट्रान्सफॉर्मर, एचटी (उच्च दाबाचं) पॅनल, जनरेटर यांच्या ऑर्डरी. या मालाला महिनोन् महिने लागतात. ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय कारखाना हात लावत नाही, आणि कन्सल्टंट शेरे मारून ड्रॉइंग परत पाठवतो. हे कागद पहिल्या दोन महिन्यांत हलले नाहीत तर शेवटी रंगरंगोटी झालेली इमारत विजेवाचून उभी राहते. भर मीटिंगमध्ये बोट मात्र इलेक्ट्रिकलवाल्याकडे.

केबलचंच घ्या. मुख्य पॅनलपासून 300 चौरस मिलिमीटरच्या पाच केबल ओढायच्या आहेत: दोन 240 मीटरच्या, बाकीच्या 190, 165 आणि 135. एकूण 970 मीटर. केबलचे ड्रम (मोठी रिळं) आले 500 मीटरचे दोन. फोरमननं कामाची जागा जशी मोकळी झाली तसं कापलं: पहिल्या ड्रममधून 190 आणि 240, उरले 70. दुसऱ्यातून 240 आणि 165, उरले 95. आता 135 ची केबल राहिलीय, हातात 165 मीटर आहे, तरी काम अडलंय, कारण मध्ये जॉइंट मारावा लागेल आणि रुग्णालयाच्या मुख्य केबलला जॉइंट कोण मंजूर करणार? तेच आधी कागदावर मांडलं असतं तर दोन्ही 240 एका ड्रममधून आणि बाकीच्या तिन्ही दुसऱ्यातून, म्हणजे 490 मीटर, सहज निघाल्या असत्या. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात ते बरंचसं हेच असतं. हे दहा मिनिटांचं गणित ज्याला वेळेवर सुचतं, त्याला साइटवर मान मिळतो. पदवीचं तिथं कोणी विचारत नाही.

पुण्याच्या नोकरीला मी वाईट म्हणत नाही. लोड कसा काढायचा, शॉर्ट सर्किट लेव्हल (बिघाडात किती करंट वाहील ते) कशी धरायची हे तिथं नीट शिकवतात. फक्त तिथं काम ड्रॉइंग पाठवलं की संपतं, आणि तिला जे व्हायचंय त्याचा अवघड भाग त्यानंतर सुरू होतो.

तो भाग म्हणजे शेवटचे तीन-चार महिने. केबलला मेगर मारायचा (इन्सुलेशन तपासायचं), अर्थिंगच्या खड्ड्याचं रीडिंग घ्यायचं, ट्रान्सफॉर्मरचं तेल किती व्होल्टेज सोसतं ती बीडीव्ही चाचणी, बिघाडात पुरवठा तोडणाऱ्या रिलेचं टेस्टिंग, आणि प्रत्येकाचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट. त्यावर विद्युत निरीक्षकांची तपासणी. त्यांची परवानगी हातात आल्याशिवाय एचटी चार्ज करता येत नाही. रुग्णालयात आणखी भर: ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूचा आयसोलेटेड (बाकी पुरवठ्यापासून अलग ठेवलेला) पुरवठा, यूपीएस, मुख्य लाइन मुद्दाम पाडून जनरेटर लोड घेतो का ते बघणं. मग क्लायंटचा माणूस वही घेऊन खोलीखोलीत फिरतो आणि स्नॅग लिस्ट, म्हणजे उणिवांची यादी, काढतो: इथं स्विच वाकडा, तिथं डीबीवर सर्किटचं नाव नाही. ती यादी संपवायला माणसं लागतात आणि नेमकी तेव्हाच ठेकेदारानं गँग दुसरीकडे हलवलेली असते. अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्षात जसं झालं तसं) ड्रॉइंग, वॉरंटीचे कागद, मेंटेनन्सवाल्यांना ट्रेनिंग हे सगळं दिलं की ताबा. ठेकेदाराचे राखून ठेवलेले पैसे, बिलाच्या साधारण 5 टक्के, यावर अडकलेले असतात. म्हणून कामं शेवटपर्यंत पुरी करून देणारा इंजिनिअर मालक सहसा सोडत नाही.

या कागदांना कंटाळा करणारे खूप भेटतील. तिला एवढं सांगा की 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, आणि त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या सुरक्षा ऑडिटचे आदेश निघाले. पाच वर्षांनी ऑडिटवाला येईल तेव्हा कुठली केबल कुठून गेलीय हे सांगायला ती नसेल, तिचं ड्रॉइंग असेल.

परवान्याचं तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तुमचा तारतंत्री परवाना ज्या अनुज्ञापक मंडळाचा, त्याच मंडळाकडून पदवी आणि अनुभवाच्या दाखल्यावर तिला पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र घेता येईल. अनुभवाचा दाखला ठेकेदाराकडून घ्यायचा तर तो परवानाधारक हवा, तेव्हा नाशिकच्या ठेकेदाराचा परवाना चालू आहे का ते तुम्हीच बघून घ्या. एवढी चौकशी करायला तुमच्याइतका लायक माणूस घरात दुसरा नाही.

मुलगी म्हणून धाकधूक तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती असणारच. साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, राहायची सोय कुठं, रात्री वीज बंद ठेवून काम (शटडाउन) असलं तर परत सोडायला गाडी कोणाची, हे सरळ विचारा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी 2013 च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागते. ती आहे का, तिच्यात कोण आहे, हेही विचारा. या प्रश्नांनी समोरचा वैतागला तर नोकरी नको म्हणायला तेवढं कारण पुरेसं आहे.

ऑफर स्वीकारण्याआधी ठेकेदाराला ईमेल करायचा, तोही मुलीनं स्वतः, तुम्ही नाही. त्यात दोन गोष्टी लिहून मागायच्या: टेस्टिंग आणि हँडओव्हर होईपर्यंत याच साइटवर ठेवणार का, आणि बिलाची मापं घेताना बिलिंग इंजिनिअरबरोबर बसू देणार का. दुसऱ्याला आढेवेढे घेतले तरी चालतील. पहिल्याला होकार आला नाही तर पुण्याची नोकरी घ्या आणि वर्षभरानं पुन्हा साइट शोधा.