पब्लिक अ‍ॅक्सेस स्टेशनला, म्हणजे गावातल्या साध्या लोकांनी केलेले कार्यक्रम दाखवणाऱ्या केबल टीव्ही चॅनलला, नवीन आहेस ना, मग हे वाच

अरे, कॅमेरा शिकशीलच, आधी पैशाचं समजून घे. इथे अमेरिकेत आपलं स्टेशन चालतं ते मुख्यतः केबल कंपनी गावात धंदा करायच्या परवान्यापोटी गावाला देते त्या फ्रँचायझी फीवर, १९८४ च्या कायद्याने ती केबलच्या कमाईच्या जास्तीत जास्त ५ टक्के, आणि लोक केबल सोडून इंटरनेटवर चाललेत म्हणजे ती आटणारच, तेव्हा सिटी कौन्सिलच्या बजेट मीटिंगला जात जा, सोबत आपले नेहमीचे प्रेक्षक ने, त्यांना बोलू दे, आपल्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

आणि आवाज सांभाळ रे! गणपतीचा कार्यक्रम शूट केला, चित्र झकास पण नुसती खरखर, कॉलर माइक पैठणीच्या पदराला घासत होता. आता हेडफोन लावून मिनिटभर ऐकल्याशिवाय मी रेकॉर्डिंग सुरूच करत नाही.